रंधा कोणाच्या हातात?

पुण्यातल्या सदनिकांच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवे सामान दिसू लागले आहे. पॅलेटच्या फळ्या रंधून केलेली फुलझाडांची खोकी, पुस्तकांची मांडणी, दाराशी चपलांचा रॅक. ते बनवणारा माणूस बहुधा सुतार नसतो. तो बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, किंवा ती नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका असते. व्हिडिओ पाहून जडलेला हा परदेशी छंद आहे, असा शेरा मारून हा विषय अनेकदा मिटवला जातो. तो शेरा वरवरचा आहे. लाकडी सामान घरात बनवून घेण्याची पुण्याची रीत फार जुनी आहे. तयार सामान दुकानातून आणण्याची रीतच त्यामानाने अलीकडची. आज नवे आहे ते एवढेच, की घराचा मालक स्वतः हत्यार हातात घेतो आहे. हा बदल एकाएकी झालेला नाही. त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो तंत्राइतकाच जातीचाही आहे.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदार होता आणि बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत त्याची जागा पहिल्या ओळीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. शेतकऱ्याने लाकूड पुरवायचे, सुताराने नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचा. माल कुणब्याचा, कसब सुताराचे, अशी ही वाटणी होती. तिच्यात दोन्ही बाजूंना आधार होता तसे बंधनही होते. सुताराला काम आणि धान्य मिळण्याची खात्री होती, पण धंदा सोडायचा झाल्यास वाट नव्हती. इतरांना सुतार हक्काने मिळे, पण वाकस, पटाशी, रंधा ही दुसऱ्याच्या वतनाची वस्तू मानली जाई. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लाकूड होते, त्याच्या घरी रंधा नव्हता, याचे कारण हे आहे. सुताराच्या घरातसुद्धा रंधा मुलाकडे जाई, मुलीकडे नाही.

शहरात ही वाटणी मोठ्या प्रमाणावर चालली. पेशवाईतले पुणे हे लाकडाचे शहर होते. शनिवारवाड्याचे बांधकाम 1730 साली सुरू झाले आणि 1732 मध्ये वास्तुशांत झाली. त्यासाठी सागवान जुन्नरच्या रानातून आले. वाड्याची खरी ताकद भिंतीत नसून लाकडाच्या सांगाड्यात असे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, आणि दोन खांबांमधल्या अंतराचा एक खण. घर किती मोठे, हे खणांवरून सांगत. हे सांधे प्रामुख्याने खाच आणि कूस यांवर उभे असत. एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात घट्ट बसेल अशी कूस, आणि गरजेप्रमाणे पाचर. अशा सांगाड्याचा एक गुण पुढच्या इतिहासाला उपयोगी पडला. तो सुटा करता येतो आणि दुसरीकडे पुन्हा जोडता येतो. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून उभे करता आले, ते त्यामुळेच. लाकडाचा शत्रूही तितकाच उघड होता. 1828 च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळाल्या. उरला तो तट आणि दरवाजे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले कोरीव काम आणि सुरूच्या घाटाचे खांब आज पाहताना त्या कसबाची उंची कळते.

अशा वाड्यांत आजच्या अर्थाचे फर्निचर मात्र थोडेच होते. जगणे जमिनीलगतचे होते: बैठक, लोड, तक्के, जेवायला पाट, पूजेला चौरंग, धान्याला कोठी, निजायला पलंग, माजघरात झोपाळा. बाकीचे काम भिंतीतली फडताळे, कोनाडे आणि खुंट्या करत. जे लागे ते बनवायला सुतार घरी येई, मालकाने आणून ठेवलेल्या लाकडावर ओसरीत किंवा अंगणात काम करी आणि रोजाचे पैसे घेई. खुर्ची, टेबल, कपाट ही इंग्रजी अमदानीतली भर. कॅम्पातल्या बंगल्यांतून ती पेठांत आली, तरी घरी सुतार लावण्याची पद्धत चालूच राहिली. लग्न ठरले की सुतार लावायचा, महिना दोन महिने घरभर भुसा, आणि त्यातून कपाट, पलंग, ड्रेसिंग टेबल. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मध्यमवर्गीय पुण्याची ही नेहमीची रीत होती. म्हणजे घर ही सुतारकामाची जागा आधीपासून होतीच. घरातली माणसे तेवढी प्रेक्षक होती.

यावर एक आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. साधी माणसे हाताने काही करतच नव्हती, असे म्हणणे खोटे ठरेल. शेतकरी स्वतः दावे वळे, बाज विणे, मोडका दांडा बसवून घेई. पुण्यातच घरोघरी दिवाळीत कामट्यांचा आकाशकंदील होई, मुले किल्ला करत, आणि गणपतीचे मखर हे तर घरातल्या हौशी माणसाचे खास काम असे. पण या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ती कामे एकतर डागडुजीची होती किंवा सणापुरती. वर्षानुवर्षे टिकणारी, रोज वापरात राहणारी वस्तू बनवणे हा कारागिराचाच प्रांत राही. बांबूची टोपली हवी तर बुरूड आळी, तांब्याचा हंडा हवा तर तांबट आळी, अशी शहराची रचनाच होती. सणाच्या मखराने हौशी हातांना सवय लावली, हे त्याचे श्रेय खरे. 2018 साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठ्याची आणि लाकडी मखरे पुन्हा करावीशी वाटली, ती या सवयीमुळेच. पण मखर करणारा हात पुस्तकांच्या कपाटापर्यंत पोहोचायला आणखी काही घडावे लागले.

पहिली गोष्ट घडली ती शिक्षणात. 1854 साली पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. पुढे तेच आजचे सीओईपी झाले. सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम दर्जाची माणसे हवी होती, एवढाच त्यामागचा हेतू होता. परिणाम मात्र हेतूपेक्षा मोठा झाला. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात वर्कशॉप आले, वर्कशॉपमध्ये सुतारकाम आले, आणि ज्यांच्या घराण्यात कोणी करवत धरली नव्हती अशा मुलांना खाच-कूस कापून गुण मिळवावे लागले. त्याच काळात न्यायमूर्ती रानडे देशी उद्योगांचा विचार मांडत होते आणि 1890 साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. घोले रस्त्यावरचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय त्याच वर्षी औद्योगिक संग्रहालय म्हणून स्थापन झाले. बुद्धी आणि हात यांची फारकत देशाला महागात पडते, हा विचार तेव्हा रुजू लागला होता. गांधीजींनी तो शाळेपर्यंत नेला. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या नई तालीमच्या अभ्यासक्रमात सूतकताई आणि शेतीबरोबर सुतारकाम हाही मूलोद्योग होता, आणि या शिक्षणाची पहिली परिषद ऑक्टोबर 1939 मध्ये पुण्यातच भरली. नई तालीम टिकली नाही, हे मान्य करावे लागेल. शाळांत तिचा कार्यानुभवाचा एक तास उरला. तरीही हत्यार ही कोणा एका जातीची मिरास नाही, ही गोष्ट वर्गात सांगितली गेली, आणि पुढे औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांत प्रवेशासाठी आडनाव विचारण्याची गरज उरली नाही.

दुसरी गोष्ट लाकूड आणि चिकटद्रव्य यांच्या इतिहासातली आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे कोसळले. जे वाचले, त्यांतले बरेच भाडेनियंत्रणात अडकून दुरुस्तीअभावी खचले आणि पुढच्या दशकांत पाडले गेले. त्यांचे सागवान वाया गेले नाही. खांब, तुळया, दरवाजे जुन्या बाजारात आणि जुन्या लाकडाच्या वखारींत आले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नवे लाकूड आणि हे जुने लाकूड असा दुहेरी पर्याय पुणेकराला मिळाला. दीडशे वर्षे वाळलेले सागवान वेडेवाकडे होत नाही, हे जाणकार सांगत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठीही रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षानुवर्षे जपून वाढवलेली असतात, अशी ताकीद आहे. झाडाला लागणारा काळ ओळखणाऱ्या या दृष्टीला जुन्या तुळईचा पुनर्वापर अगदी साजेसा आहे. पानशेतच्या पुराच्या सुमारासच, 1959 साली, फेव्हिकॉल बाजारात आले. त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो डिंक मंद आचेवर वितळवून गरम असतानाच लावावा लागे, त्याला वास येई, आणि पावसाळ्यात तो सैल पडे. सरस सांभाळणे ही कला होती. हे पांढरे थंड चिकटद्रव्य डब्यातून काढून लावता येते. ते आले तेव्हा हौशी माणसाच्या वाटेतला मोठा अडसर गेला. प्लायवुडने रंधण्याचे काम घटवले, छोट्या विजेच्या ड्रिलने भोके पाडण्याचे.

तिसरा बदल पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांनी केला. तिथे यंत्रे आणि सुटे भाग ज्या पॅलेटवर आणि खोक्यांत येतात, ते पाइनचे लाकूड वापरानंतर भंगारात स्वस्त मिळते. पूर्वी देवदारी खोक्याचे शेल्फ करण्याची किंवा आंब्याच्या पेटीत कोथिंबीर लावण्याची रीत होतीच. पॅलेट हा तिचा आजचा अवतार. पण इथे डोळसपणा हवा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि अक्षरे छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारच्या फळीत भाजी लावू नये, आणि शिक्काच नसेल तर ती फळी फुलझाडांसाठीही टाळावी. वजनाचाही हिशेब करावा. 90 सेंटीमीटर लांब, 30 रुंद आणि 30 खोल असे खोके 81 लिटरचे होते. ओल्या मातीने भरले तर ते शंभर किलोंच्या पुढे जाते. सज्जाच्या कडेला अशी चार खोकी ठेवण्यापूर्वी मातीत कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून ती हलकी करायला हवी, तळाला भोके हवीत, आणि खोके दोन पट्ट्यांवर उचललेले हवे, म्हणजे खालची फळी कुजत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. हा छंद सुखवस्तूंचा आहे आणि तो सुताराच्या पोटावर पाय आणतो, असे म्हटले जाते. पहिल्या भागात तथ्य आहे. मोकळा वेळ, हत्यारांचे पैसे आणि गच्ची ही चैन प्रत्येकाला परवडत नाही. दुसरा भाग मात्र पुराव्यावर टिकत नाही. गावच्या सुताराचा कणा मोडला तो लोखंडी नांगराने. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आला, आणि लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. शहरातल्या सुताराचे काम आधी लोखंडी कपाटाने आणि मग कारखान्यात बनलेल्या तयार फर्निचरने घटवले. रविवारी एक खोके करणाऱ्याने नव्हे. उलट ज्याने स्वतः एकदा सरळ कड रंधायचा प्रयत्न केला आहे, त्याला सुताराचा रोज महाग वाटत नाही. आज पुण्यात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर मोठ्या संख्येने हे काम करतात. त्यांच्या मजुरीवर घासाघीस करण्याची सवय मोडायची असेल, तर कष्टाचा हा प्रत्यक्ष अनुभव उपयोगाचा आहे.

तरीही हौशी चळवळीत एक उणीव आहे आणि ती उघडपणे सांगायला हवी. तिने हत्यार घेतले, पण त्या हत्यारामागचे ज्ञान पुरते घेतले नाही. एक उदाहरण पुरे. पुण्यात मे महिन्यात हवा कोरडी असते आणि जुलैत ओलीचिंब. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला फुगते आणि आकसते. लांबीत जवळपास नाही. म्हणून जुना सुतार दिलह्याचे दार करी. भोवती चौकट, चौकटीत खोबण, आणि खोबणीत दिलहा, म्हणजे मधली फळी, सैल बसवलेला, खिळा नाही, सरस नाही. फळी फुगली तर तिला जागा असे, आकसली तरी फट बाहेर दिसत नसे. आजचा हौशी माणूस फळी चहूबाजूंनी चिकटवतो, स्क्रूने आवळतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर ती का चिरली याचे उत्तर शोधतो. उत्तर पेठेतल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या दारात लिहिलेले आहे. ते वाचून दाखवणारी माणसे अजून आहेत, पण त्यांना शिक्षक मानण्याची रीत आपल्याकडे नाही. शाळा आणि महाविद्यालये सुताराला दुरुस्तीसाठी बोलावतात, वर्ग घ्यायला बोलावत नाहीत.

जातीने हत्यार वाटून दिले, तेव्हा तिने सुताराला मान न देता त्याचे कसब वापरले आणि इतरांना त्या कसबापासून दूर ठेवले. 1854 पासूनच्या शिक्षणाने दुसरी चूक बरीचशी दुरुस्त केली. म्हणूनच आज कोणीही रंधा हातात घेऊ शकतो. पहिली चूक अजून तशीच आहे. पुण्यातल्या ज्या संस्था वारसा फेरी काढतात, ज्या सोसायट्या गच्चीवरच्या बागेची शिबिरे घेतात, त्यांनी काम करणाऱ्या सुताराला मानधन देऊन शिकवायला बसवले, तर घरच्या सुतारकामाला छंदापलीकडचा अर्थ येईल. लाकूड, हत्यार आणि वेळ हे तिन्ही आता अनेक पुणेकरांच्या घरात आहेत. ज्याचे हे ज्ञान आहे त्याला गुरूची जागा देणे, एवढे एकच काम शिल्लक आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहावी लागणार नाही.