अस्सल गाडी आणि तिचा मागचा ॲक्सल

जुन्या मोटारीच्या मागच्या ॲक्सलमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवला की गाडीचं अस्सलपण गेलं, असं मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत. हा नंतरच्या काळातला, शर्यतीच्या हौसेपायी आलेला भाग आहे, असा त्यांचा समज. इतिहास मात्र वेगळं सांगतो. साध्या डिफरन्शियलची खोड त्याच्या गुणातच दडलेली आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून तो दोन्ही चाकांना मोकळीक देतो, पण जोर दोघांना सारखाच वाटतो. एक चाक बर्फावर गेलं की त्याला पकड उरत नाही, जोर जवळजवळ शून्यावर येतो, आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकाच्या वाट्यालाही तेवढाच येतो. एक चाक गरगरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही.

यावरचा उपाय शर्यतीसाठी शोधला गेला हे खरं आहे. १९३५ मध्ये फर्डिनांड पोर्शे यांनी झेडएफ कंपनीला हे काम दिलं. ऑटो युनियनच्या सोळा सिलिंडरच्या गाड्यांची मागची चाकं ताशी १६० किलोमीटरच्या पुढेही जागीच फिरत. पण ही करामत शर्यतीच्या मैदानात अडकून राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धात फोक्सवॅगनच्या क्यूबेलवॅगनमध्ये झेडएफचाच असा डिफरन्शियल होता. ती गाडी फक्त मागच्या चाकांवर चालायची, तरी चिखलातून वाट काढायची. पुढे अमेरिकेत १९५६ साली पॅकार्डने ‘ट्विन-ट्रॅक्शन’ या नावाने तो गिऱ्हाइकाला जादा पैसे देऊन घेता येईल असा ठेवला आणि १९५७ मध्ये शेव्हरोलेचा ‘पॉझिट्रॅक्शन’ आला. गिऱ्हाईक कुटुंबवत्सल होतं, त्याला बर्फातून घरी पोचायचं होतं. दुसरीकडे व्ही-८ इंजिनांची ताकद झपाट्याने वाढत होती, आणि अखंड मागच्या ॲक्सलच्या गाडीत इंजिनाचा पीळ उजवं चाक उचलू पाहतो. गरज रस्त्यावरचीच होती.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा ‘पॉवर-लॉक’ या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलच्या रचनेत सापडतो. त्यात छोट्या दातेरी चाकांचे आडवे दांडे टोकांशी व्ही आकाराच्या खाचांत बसतात. जोर आला की दांडे खाचेच्या उतारावर चढतात आणि बाजूच्या क्लच-प्लेटा आवळतात. म्हणजे जितका जोर, तितकी पकड. हा सगळा संच मूळ हाउसिंगमध्ये मावेल असाच आखलेला होता. त्यासाठी वेगळा ॲक्सल लागत नसे. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीने हाच पॉवर-लॉक बनवला आणि तो १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये कारखान्यातूनच येत असे. जे हाउसिंग दोन्ही प्रकारांसाठी घडलं, त्यात आज दुसरा प्रकार बसवणं ही त्या काळाशी प्रतारणा कशी ठरेल?

यावर कोणी म्हणेल, कारखान्यात काय मिळत होतं ते सोडा, या गाडीत काय होतं ते पाहा. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच काढलेला जुना संच तेल लावून, गुंडाळून गाडीसोबत जपायला हवा. क्राउन नव्या केसवर चढवताना बेअरिंगचा ताण आणि क्राउन-पिनियनमधली फट शिम घालून पुन्हा जुळवावी लागते. दातांना रंग फासून, चाक फिरवून, ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते पाहावं लागतं. हे नीट झालं तर हाउसिंगला ओरखडाही उठत नाही. जी जागा कापून किंवा वेल्डिंग करून संच घुसवावा लागतो, तिथे मात्र मीही संग्राहकांच्या बाजूने आहे. दुसरा आक्षेप धोक्याचा. निसरड्यावर दोन्ही चाकं एकदम सुटली तर गाडीची शेपटी बाजूला जाते. एक चाक जॅकवर उचलून गिअर टाकला तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून खाली ओढतं. हे धोके खरेच आहेत. पण ते त्या काळच्या चालकापुढेही होते, आणि कारखान्यांनी ते माहितीपुस्तकांत छापले होते.

तेव्हाच्या जनरल मोटर्सच्या ॲक्सलवर तेल भरण्याच्या बुचापाशी पत्र्याची एक चकती असे, फक्त लिमिटेड-स्लिपचंच तेल घाला असं सांगणारी. साधं तेल पडलं तर संथ वळणावर प्लेटा अडकत-सुटत खडखडतात. आज संच बदलणाऱ्याने तशी चकती तिथे लावावी, कारण पुढच्या मिस्त्रीला हाउसिंगच्या आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही.