झीज कुठे होऊ द्यायची

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढली, तेव्हा वजनाची अट होती १३०० पौंड, म्हणजे सहाशे किलोही नाही. ती कोणालाच पाळता आली नाही, पुढे ती वाढवून २१६० पौंड करावी लागली. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्टने आराखडा काढला आणि नमुना गाडी ४९ दिवसांत तयार करून द्यायची होती. एवढ्या घाईत पुढचा एक्सल नव्याने घडवायला सवडच नव्हती. स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चँपियन मोटारीच्या मागच्या एक्सलवरून तो बेतून दिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेल्या माझ्यासारख्या टर्नरला जीपच्या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मागच्या चाकाला नुसतं फिरायचं असतं. पुढच्या चाकाला फिरता फिरता वळायचं असतं, आणि जीपमध्ये वर गाडीही ओढायची असते. त्यासाठी एक्सलच्या दोन्ही टोकांना पोकळ गोळा दिला, त्याच्या आत समान वेगाने फिरणारा सांधा, आणि गोळ्याच्या वर-खाली दोन किंगपिन, निमुळत्या रोलर बेअरिंगवर बसवलेले. नकल, म्हणजे चाक धरणारा वळता सांधा, त्या दोन पिनांवर वळतो. तेलग्रीस बाहेर पडू नये, चिखल आत जाऊ नये म्हणून गोळ्यावर नमद्याची पट्टी.

स्टेअरिंगचं चाक फिरवल्यावर ते बळ पुढच्या चाकांपर्यंत जायचा रस्ताही आडवळणाचा होता. रॉस कंपनीचा स्टेअरिंग बॉक्स, त्याचा दांडा पुढे-मागे हलणारा, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, ती जाऊन मिळते मधल्या बेलक्रँकला. बेलक्रँक म्हणजे खिळीवर फिरणारा छोटा तरफदांडा. पुढे-मागे येणारी हालचाल तो आडवी करतो आणि तिथून दोन टाय रॉड दोन चाकांना जातात. मोजायला बसलात तर चालकाचा हात आणि टायर यांच्यात इतके सांधे आहेत की प्रत्येकात केसाएवढा खेळ धरला, तरी स्टेअरिंग चार बोटं रिकामं फिरतं.

युद्धात हे चालून गेलं. सहा लाखांहून जास्त जीप विलीज आणि फोर्डने मिळून बनवल्या, आणि एकेकीकडून काही पंचवीस वर्षं काम घ्यायचं नव्हतं. आपल्याकडे मात्र तेच घडलं. युद्ध संपल्यावर मागे राहिलेल्या, डाव्या स्टेअरिंगच्या गाड्या लिलावात निघाल्या. १९४९ पर्यंत महिंद्राने मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला घेतल्या होत्या, आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथेच बनू लागली. वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे तीच. आमच्या भागात नंतर वडाप आलं, म्हणजे खासगी गाडीत माणसं भरून नेणं. सहा जणांच्या जीपमध्ये पंधरा जण, मागच्या पायरीवर आणखी चौघे. मागे माणसं लटकली की गाडीचं नाक वर होतं, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन वाढतो. कारखान्याने तो कोन साधारण तीन अंश ठेवलेला. किंगपिन सैल असला तर एक खड्डा लागला की दोन्ही चाकं नाचायला लागतात, आणि गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत थांबत नाहीत. ज्याने गगनबावड्याच्या वळणावर हे अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

उद्यमनगरातल्या कितीतरी लेथचं पोट या झिजेवर चाललं. बेलक्रँकच्या खिळीवर मुळात बारीक सुया असलेलं बेअरिंग होतं. पावसाचं पाणी आत शिरलं आणि ग्रीस कुणी मारलं नाही की त्या सुया गंजून भुगा व्हायच्या. आमच्या उस्तादांच्या पिढीने त्या जागी गनमेटलचा बुश घालायला सुरुवात केली: घर बोअर करायचं, खीळ नवी करायची, बुशला आतून तेलाची चर काढायची. मूळ रचनेपेक्षा ही रचना आमच्या रस्त्यांना जास्त मानवली, असं मी ठामपणे म्हणतो. सुयांचं बेअरिंग बिघडतं तेव्हा एकदम बिघडतं. बुश हळूहळू झिजतो, आणि झिजताना चालकाला हाताला कळवत राहतो.

किंगपिनचं कामही मला तितकंच आवडतं. वरच्या टोपीखाली पातळ पत्र्याच्या शिमा असतात. एक काढली की बेअरिंग आवळतं, एक वाढवली की सैल होतं. नमदा काढून ठेवायचा, टाय रॉड सोडवायचा, नकलच्या भोकात स्प्रिंगकाट्याचा हूक अडकवायचा आणि ओढायचं. नकल हलायला किती जोर लागतो तो काट्यावर वाचायचा, दोन्ही बाजूंचा सारखा येईपर्यंत शिमा बदलायच्या. ना महागडं यंत्र, ना कॉम्प्युटर. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली, तिच्याही एक्सलच्या टोकांना तोच गोळा, तोच नमदा, त्याच शिमा. जीपवर हात बसलेल्यांना जिप्सी नवखी वाटली नाही.

मग हौशी लोक आले. मोठे टायर, उंच गाडी. उंची वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे एक्सलखालचे पाटे एक्सलवर घेणं. गाडी चार-पाच इंच वर जाते, पण स्टेअरिंग बॉक्सही चासीबरोबर वर जातो आणि एक्सल आपल्या जागी खाली राहतो. ड्रॅग लिंक तिरपी होते. चाक खड्ड्यातून वर आलं की पाटा एका कमानीत हलतो आणि ड्रॅग लिंक दुसऱ्या कमानीत. दोन कमानी जुळल्या नाहीत की चालकाने काही न करता चाक वळतं. त्यावरचा खरा उपाय म्हणजे बॉक्सचा दांडा आडवा हलेल असा बॉक्स बसवायचा, ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीतून पलीकडच्या नकलपर्यंत न्यायची, आणि टाय रॉड नकलच्या वरच्या अंगाला उचलायचा, म्हणजे दगडही लागत नाही. टोयोटा, सुझुकी, जीप, सगळ्यांचे जाणते कारागीर फिरून याच रचनेवर आले. यात बेलक्रँक जातोच. मला त्याची हळहळ वाटते, पण सांधे कमी होतात हे खरं.

या कामात टर्नरची कसोटी लागते ती टेपरच्या भोकात. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते, फुटाला दीड इंच. नकलच्या नव्या दांड्यात भोक पाडून रीमर चालवायचा, पिनेला निळा रंग लावून बसवून बघायची, काढायची. रंग भोकभर सारखा उमटला पाहिजे. फक्त वरच्या काठाला उमटला तर पिन काठावर टेकलीय, आत पोकळ आहे, आणि अशी पिन पहिल्याच पावसाळ्यात भोक लांबुळकं करते. मग कॅसलनट, त्यात स्प्लिट पिन. स्प्लिट पिन जुनी पुन्हा घालायची नाही. तुटलेला टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक वेल्डिंग करून चालवायची नाही, गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही हे स्पष्ट केलं. असं बदललेलं स्टेअरिंग स्पर्धेच्या मैदानापुरतं. गाडी ट्रेलरवर घालून न्यावी.

त्या मैदानांनी आम्हाला खूप शिकवलं. मलेशियात १९९७ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी २०१४ मध्ये गोव्यात, भर पावसाळ्यात सुरू झाली. तिथे जांभ्या दगडाच्या खाचेत चाक अडकतं, चालक पूर्ण वळण देऊन गाडी ओढतो, आणि सगळा जोर पुढच्या सांध्यांवर येतो. जाड नळीचा टाय रॉड घातला की तो वाकत नाही, एंड तुटतो. एंड भारी घातला की नकलचा दांडा वाकतो. दांडाही पोलादी जाड केला की बॉक्सचा आतला दात जातो, किंवा बॉक्स जिथे बसलाय तिथली चासीच चिरते. आणि बॉक्स गेला की गाडी तिथल्या तिथे मेली.

म्हणून स्पर्धेची गाडी माझ्याकडे आली की पहिला प्रश्न मी हाच विचारतो: रानात काय तुटलेलं तुम्हाला चालेल? मी टाय रॉड जाड करतो, चासीला बॉक्सच्या जागी आतून पट्टी देतो, नकलचे दांडे नवे घालतो. एंड मात्र बाजारात कुठेही मिळेल असा साधा, कंपनीच्या मापाचा ठेवतो. दोन जादा एंड, दोन पाने आणि मूठभर स्प्लिट पिना सीटखाली बांधून देतो. चिखलात पडून अर्ध्या तासात तो बदलता येतो.