मेपल स्ट्रीटवरचे दिवे जातात तेव्हा

बूट काढू नका. या घरात सगळे बूट घालूनच गालिच्यावरून फिरतात. कोट तेवढा दारामागच्या खुंटीला लावा आणि सोफ्यावर जरा रेटून बसा. शेजारच्या काकू सरकतील.

1960 च्या मार्चमधला पहिला शुक्रवार. अमेरिकेतल्या एका उपनगरातलं साधं घर. बाहेर बोटं बधिर करणारी थंडी, आत हीटरने कोंडलेला उबारा. डोळे चुरचुरतायत ना? घरातली मोठी माणसं एकामागून एक सिगारेटी ओढतायत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्वयंपाकघरातून अजून टर्कीच्या रश्श्याचा वास येतोय. ॲल्युमिनियमच्या खणांच्या थाळीतलं ते तयार जेवण ओव्हनमध्ये गरम करून टीव्हीसमोरच उरकलंय.

टीव्ही म्हणजे भलंमोठं लाकडी कपाट. बटण फिरवलं तरी लगेच काही दिसत नाही; आतले व्हॉल्व्ह तापावे लागतात. आधी तापलेल्या धुळीचा वास, मग गुणगुण, मग मुंग्या. मोठा मुलगा अँटेनाची शिंगं धरून उभा आणि सगळे एकदम ओरडतायत, "डावीकडे! अरे, हललास कशाला?"

दहा वाजले. 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका सुरू. पुढे जगभर गाजलेली ती धून अजून आलेली नाही. या वर्षी बर्नार्ड हरमन यांचं गूढ, संथ संगीत आहे. धाकटा उशी कवटाळून बसलाय. शाळेत त्याला अणुबॉम्ब पडला तर बाकाखाली दडायची कवायत करावी लागते; परग्रहवासीयांची भीती त्याला त्यापेक्षा बरी वाटते.

पडद्यावर मेपल स्ट्रीट. आइस्क्रीमवाला, खेळणारी पोरं, अंगणातली माणसं. डोक्यावरून काहीतरी गरजत जातं आणि वीज जाते. फोन मुका, मोटारी सुरू होईनात. टॉमी नावाचा पोरगा गोष्टीत वाचलेलं सांगतो: परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. मोठी माणसं हसतात. हसता हसता एकमेकांकडे बघू लागतात.

जाहिरात लागली. तेवढ्यात एक चक्कर मारून येऊ.

हे कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीतलं एमजीएमचं आवार. दिव्यांच्या झळा मानेला लागतायत, मेकअप घामाने ओघळतोय, केबलींवरून पाय उचलून टाका. शेवटी येणाऱ्या परग्रहवासीयांचे कपडे नवे शिवलेले नाहीत. 'फॉरबिडन प्लॅनेट' या 1956 च्या चित्रपटातले आहेत.

हे लिहिणारे रॉड सर्लिंग पोळलेले आहेत. 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या 14 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी खून केला आणि ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं. त्यावरून सर्लिंग यांनी टीव्हीसाठी नाटक लिहिलं, तर प्रायोजकांच्या माणसांनी गोष्ट उचलून न्यू इंग्लंडला नेली. कोकाकोलाच्या बाटल्यांमुळे दक्षिणेची आठवण होईल, म्हणून त्याही हटवल्या! मग सर्लिंग यांनी परग्रहावरून माणसं आणली. मालिका सुरू होण्याआधीच्या मुलाखतीत त्यांनी शांतपणे सांगितलं, की चालू सामाजिक प्रश्नांत ही मालिका शिरणार नाही. लेखकाच्या हिकमतीचा याहून सुंदर नमुना मला माहीत नाही.

चला, परत. जाहिरात संपली.

मेपल स्ट्रीटवरच्याच लेस गुडमनची मोटार आपोआप सुरू झाली आहे. म्हणजे तोच 'त्यांच्यातला'? कुणाला आठवतं, तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघत असतो. बिचाऱ्याला झोप येत नाही, एवढंच. शेजारच्या स्टीव्हच्या घरी संदेश पाठवता येणारा रेडिओ आहे. मग तो कुणाशी बोलतो? सोफ्यावरची कुजबुज थांबली आहे. काकूंची सिगारेट बोटांतच जळतेय. 'हा कम्युनिस्ट असेल' एवढ्या संशयावर गेल्या दहा-बारा वर्षांत कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. हे या खोलीत कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

पडद्यावर अंधारातून एक आकृती चालत येते. गल्लीतला चार्ली बंदूक हिसकावतो. गोळी सुटते. पडलेला माणूस त्यांच्याच गल्लीतला, पीट व्हॅन हॉर्न. पलीकडच्या गल्लीत दिवे आहेत का, ते बघायला गेला होता. तेवढ्यात चार्लीच्याच घरातले दिवे लागतात, आणि आता जमाव त्याच्यामागे. दगड, काचा, किंकाळ्या. लाकडी कपाटातला स्पीकर थरथरतोय. वर टेकडीवर दोन परग्रहवासी निवांत बघत उभे आहेत. त्यांनी फक्त वीज बंद-चालू केली. बाकी सगळं मेपल स्ट्रीटने केलं.

आता आपल्या काळात परतलात की ही कथा जरूर बघा, जेमतेम पंचवीस मिनिटांची आहे. आणि बघताना चार्लीला राक्षस ठरवायची घाई करू नका. तो घाबरलेला आहे, आणि त्या गल्लीत त्याच्याइतकेच घाबरलेले सगळे आहेत.