गोव्याच्या नावाचा परदेशी सुरू

पोर्तुगालमधील कोइंब्रा शहराच्या उत्तरेस बुसाकू नावाची एक टेकडी आहे. तिच्यावरील जुन्या, गर्द उपवनात एक सदाहरित, उंच आणि शाखा पसरलेला वृक्ष विपुल आढळतो. त्याला त्या देशातील लोक ‘सेद्रु द गोआ’, म्हणजे गोव्याचा सीडार, असे म्हणत आले. आपल्या भूमीचे नाव सातासमुद्रांपलीकडील एका भव्य वृक्षाने धारण करावे, याचा कोणाही गोमंतकीयास अभिमान वाटेल. आम्हांलाही तो प्रथम वाटला. परंतु अधिक शोध घेता असे आढळून आले की, हा वृक्ष सीडार नव्हे आणि तो गोव्याचाही नव्हे. तो सुरूच्या, म्हणजे सायप्रसच्या कुळातील असून त्याचे माहेर मेक्सिको व ग्वाटेमाला येथील डोंगराळ प्रदेशात आहे. ज्या नावाचा अभिमान धरावा ते नावच चुकीचे निघाले! मात्र ही चूक कशी घडली हे पाहू गेल्यास, बागेसाठी झाड निवडणाऱ्या मनुष्याच्या मनाचा मोठा बोधप्रद इतिहास हाती लागतो.

बुसाकूची भूमी १६२८ साली अनवाणी कार्मेल पंथाच्या साधूंना मिळाली. एकांतवासासाठी त्यांनी तेथे मठ उभारला, भोवती लांबच लांब तट घातला आणि आत वृक्षांची लागवड आरंभिली. कार्मेल हा पॅलेस्टाइनमधील पर्वत, आणि त्याच्या उत्तरेस लेबॅनॉन. बायबलात सीडारांची थोरवी वारंवार गाइलेली. आपल्या तपोवनात सदैव हिरवे, सरळ व गंभीर वृक्ष असावेत, असे त्या साधूंना वाटले असल्यास नवल नाही. या वृक्षांस ते इतके जपत की, १६४३ साली पोपने एक आज्ञापत्र काढून तेथील झाडांस इजा करणाऱ्यास धर्मबहिष्काराची शिक्षा ठरविली. आपल्याकडील देवराईतील झाडावर कुऱ्हाड घातल्यास देव कोपतो, या श्रद्धेचेच हे दुसऱ्या धर्मातील रूप म्हणावयाचे. १८१० साली याच टेकडीवर वेलिंग्टन आणि नेपोलियनचा सेनापती मासेना यांच्यात घनघोर युद्ध झाले. १८३४ साली पोर्तुगालमधील मठही बंद झाले. परंतु साधू गेले तरी त्यांचे वृक्ष राहिले.

आता हा मेक्सिकोचा वृक्ष गोव्याचा कसा ठरला? १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल व स्पेन ही दोन्ही राज्ये एकाच राजाच्या छत्राखाली होती, आणि मेक्सिको स्पेनच्या ताब्यात होता. तेव्हा तेथील बी पोर्तुगालात पोचण्यास मार्ग मोकळा होता. उलट पक्षी, त्या काळच्या पोर्तुगीजांच्या दृष्टीने अपूर्व वनस्पतींचे भांडार म्हणजे गोवा. गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधी वनस्पतींवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला होता. शिवाय याच कार्मेल पंथाचा एक मठ सतराव्या शतकात जुन्या गोव्यातही होता. अशा स्थितीत मठात वाढणारे अनोळखी झाड पूर्वेकडून, म्हणजे गोव्याहून, आले असावे असा तर्क कोणी केला असेल आणि पुढे तर्काचीच वदंता झाली असेल, असे आम्हांस वाटते. १७६८ साली इंग्रज उद्यानपंडित फिलिप मिलर याने या वृक्षास जे शास्त्रीय नाव दिले त्यात ‘लुसितानिका’, म्हणजे पोर्तुगालचा, असे विशेषण घातले. तेही चूकच! जन्म मेक्सिकोचा, शास्त्रात पोर्तुगालचा आणि लोकवाणीत गोव्याचा, असा हा त्रिस्थळी वृक्ष आहे.

गोव्याच्या निसर्गास मात्र या नावाचा पत्ताही नव्हता. मूळ प्रदेशात हा वृक्ष समुद्रसपाटीपासून हजार-दीड हजार मीटरांहून अधिक उंचीवर, थंड आणि धुकट हवेत वाढतो. जांभ्या दगडाची भूमी, दमट उष्मा आणि चार महिने कोसळणारा पाऊस ही त्याची प्रकृती नव्हे. खरे पाहता शंकुधारी वृक्षांच्या बाबतीत आपला सह्याद्री दरिद्रीच आहे. देवदार आणि चीड ही हिमालयाची संपत्ती. साऱ्या दक्षिण भारतात मूळचा असा एकच शंकुधारी वृक्ष, तोही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे; आणि त्याची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात! तेव्हा आपल्याकडे ज्याने ज्याने बागेत असा वृक्ष लावू म्हटले त्याला तो दुरून आणणे भागच पडले.

परंतु या विषयात पोर्तुगीजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘सुरू’ हा आपला शब्द फारसीतील ‘सर्व’पासून आला. इराणी उद्यानांचा तो मानाचा वृक्ष मोगलांनी आपल्या चारबागांत आणला. ताजमहालापुढील जलमार्गाच्या दुतर्फा त्याच्या रांगा आपण पाहतो. चारबागेची ती रचना दक्षिणेतही, बीबी का मकबऱ्यापर्यंत पोचली. शब्द आला, आवडही आली. परंतु खरा सुरू कोकणात रुजेना. पुढे एकोणिसाव्या शतकात जळणासाठी व वाळू थोपविण्यासाठी किनाऱ्यावर एका परदेशी झाडाची लागवड झाली. ते सरळ, सडपातळ आणि वाऱ्यात सुस्कारणारे. म्हणून आपण त्यालाच सुरू म्हणू लागलो. कारवारपासून गोव्यापर्यंत व पुढे कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारा सुरू तो हाच. वनस्पतिशास्त्र सांगते की हा शंकुधारी नव्हेच. तो फुले धारण करणाऱ्या वृक्षांपैकी आहे. ज्यांना आपण त्याच्या सुया समजतो त्या बारीक हिरव्या डहाळ्या असून खरी पाने त्यांच्या पेरांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. तरीही वाळूत तो जगतो आणि मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जीवांच्या साह्याने हवेतील नत्र मिळवितो. नाव उसने, परंतु गुण स्वतःचे.

आज गोव्यातील अनेक अंगणांत, चर्चच्या आवारात आणि बंगल्यांपुढे मजल्यामजल्यांनी शाखा फुटलेले जे झाड दिसते, ज्याला घरोघरी ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, ते अरोकेरिया. ते प्रशांत महासागरातील. कॅप्टन कुक १७७४ च्या सप्टेंबरात न्यू कॅलेडोनियाजवळ पोचला तेव्हा दूरवरचे उंच सुळके पाहून जहाजावरील पंडित म्हणाले, हे दगडी स्तंभ होत; कुक म्हणाला, ही झाडे होत. कुक खरा ठरला. पुढच्याच महिन्यात त्याला नॉरफोक बेट व त्यावरील जवळचीच दुसरी जात आढळली. आता रोपवाटिकेत जे रोप नॉरफोकचे म्हणून मिळते ते उष्ण प्रदेशांत पुष्कळदा कुकने आधी पाहिलेल्या जातीचे असते. नावाची फसगत येथेही सुटली नाही.

निवड करणाऱ्याने या इतिहासापासून काय घ्यावे? पहिली गोष्ट, झाडाचे माहेर विचारावे, नाव नंतर. डोंगरी थंडीतला वृक्ष किनाऱ्यावर आणल्यास तो झुरतो. दुसरी, कुंडीतील उंचीवरून त्याच्या आयुष्याचा अदमास करू नये. अरोकेरिया घराच्या भिंतीस खेटून लावणाऱ्याच्या नातवास ते तोडावे लागते. तिसरी, अरोकेरियाचे रोप बीपासूनचे किंवा शेंड्याच्या कलमाचे आहे ना हे पाहावे. बाजूच्या फांदीचे कलम जन्मभर आडवेच वाढते, कितीही टेकू दिला तरी सरळ खोड धरीत नाही. जेथे जागा थोडी तेथे मोरपंखीवर समाधान मानण्यात कमीपणा नाही.

कुकच्या त्या वृक्षाविषयी एक विलक्षण गोष्ट संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केली. पाच खंडांतील अडीचशेवर झाडे मोजून त्यांना आढळले की, हा वृक्ष कोठेही लावला तरी विषुववृत्ताच्या दिशेने कलतो. सरासरी साडेआठ अंशांनी. म्हणजे गोव्यातला दक्षिणेकडे झुकणार. वादळाने वाकला असे समजून आपण त्याला दोर बांधतो. आणि तो तर आपल्या प्रकृतीचे ऐकत असतो. बुसाकूच्या वृक्षास गोव्याचे म्हटल्याने तो गोव्याचा झाला नाही, आणि आपण सुरू म्हटल्याने किनाऱ्यावरचे झाड इराणचे झाले नाही. नावे माणसाने द्यावीत. परंतु झाड लावताना त्याचे स्वतःचे म्हणणे काय आहे ते आधी ऐकावे, एवढेच आमचे सांगणे आहे.