मूल सांभाळायला कोण? परळी परिसरातील एका निवडीचा इतिहास

दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या स्त्रीची पारख कशी करावी, याचा तपशीलवार लेखी विचार आयुर्वेदाच्या संहितांत आढळतो. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी वैद्यनाथाच्या लिंगात लपवले गेले, अशी आख्यायिका जपणाऱ्या परळीच्या संदर्भात त्या विचारापासून आरंभ करणे अस्थानी ठरू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात धात्रीची, म्हणजे आईऐवजी बाळाला अंगावर पाजणाऱ्या दाईची, लक्षणे दिली आहेत. ती तरुण, नीरोगी, नम्र, निर्व्यसनी, स्वच्छ आणि बाळावर माया करणारी असावी, तिचे स्वतःचे मूल जिवंत असावे आणि तिचे दूध पाण्यात पिळले असता त्यात एकजीव व्हावे, असे हा ग्रंथ सांगतो. त्याच यादीत ती बाळाच्या घराच्याच वर्णाची आणि प्रदेशातली असावी, अशीही अट आहे. दुधाची परीक्षा आणि कुळाची परीक्षा वैद्याने एकाच दमात सांगावी, यात त्या काळाला काही वावगे वाटले नसावे.

या अटींपैकी जवळिकीची अट सर्वांत चिवट ठरली. 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांसाठी दूधआई म्हणून धाराऊ आली ती गडापासून फार दूर नसलेल्या कापूरहोळ गावातून, माहितीतल्या गाडे घराण्यातून. सामान्य घरांत तर पगारी दाईचा प्रश्नच नव्हता, कारण परळी परिसरातील बालाघाटाच्या कोरडवाहू गावांत आजी, आत्या, जाऊ किंवा थोरली मुलगी हेच मुलाचे पाळणाघर होते. परळीत औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1971 मध्ये सुरू झाला आणि बदलीच्या नोकरीवर आलेली, आजी-आत्या गावाकडे ठेवून आलेली पगारदार कुटुंबे शहरात वाढली; अशा कुटुंबाला मूल सांभाळणारी बाई ठेवायची तर तिची ओळख कोणी तरी पटवून देणे भाग असते, आणि वर्णाची उघड अट मागे पडली तरी ‘कोणाकडची?’ हा प्रश्न मागे पडलेला नाही.

याच तालुक्यातील, किंबहुना साऱ्या बीड जिल्ह्यातील, ऊसतोड कामगारांच्या घरी मात्र निवडीचे हे शास्त्र उलटे फिरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मूल सांभाळायला योग्य कोण, यापेक्षा कोयत्यातून कोणाला वगळता येईल, हा तिथला खरा प्रश्न असतो. त्याचे उत्तर गावात राहिलेली म्हातारी आजी असते, नाही तर कोपीवर, म्हणजे तळावरच्या तात्पुरत्या खोपटात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसलेली आठ-दहा वर्षांची मुलगी. चरकाच्या यादीतील वयाची अट येथे कोणी विचारत नाही.

कायद्याने या प्रश्नाला हात घातला, पण कामाचे ठिकाण पाहून. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे 2025 पर्यंत तीसपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्याने पाळणाघर ठेवायचे असे (1976 पूर्वी ही संख्या पन्नास होती). परंतु ऊस तोडणारी बाई कारखान्याच्या आवारात नव्हे, तर फडात आणि मुकादमाच्या करारावर राबत असल्याने ती या गणनेत येत नसे. याउलट 1972 च्या दुष्काळाच्या अनुभवातून आकाराला आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने कामावरच पाळणाघराची सोय मान्य केली. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास तिथल्याच एका मजूर स्त्रीला त्यांना सांभाळण्यास नेमून मजुरी द्यावी, असे ठरवले. मूल सांभाळणे हे खडी फोडण्याइतकेच मजुरीचे काम आहे, ही कबुली त्या तरतुदीत आहे, आणि तिचे महत्त्व पाळणाघराच्या सोयीपेक्षाही अधिक मानायला हवे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस स्थानिक रहिवासी असावी, हा निकष रुजला. प्रदेशाची जुनी अट अशा रीतीने सरकारी नियमात उतरली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निघालेली हंगामी वसतिगृहे शाळेत जाणाऱ्या वयासाठी असल्याने सहा वर्षांखालचे मूल बहुधा आईबरोबर फडावर जाते, आणि ज्या सेविकेची निवड तिच्या गावकीच्या ओळखीवर झाली, तिची ती ओळख हंगामभर त्या मुलाच्या उपयोगी पडत नाही.