दोन की चार? रायफलीवरील लाल ठिपक्याच्या आकाराचा इतिहास

रायफलीवर बसवण्याच्या रेड डॉट साइटच्या खोक्यावर एक आकडा हमखास छापलेला असतो: २ एमओए, ४ एमओए, क्वचित ६ किंवा ८. काचेत दिसणाऱ्या लाल ठिपक्याचा हा आकार. दोन घ्यावा की चार, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु त्यामागे सव्वाशे वर्षांचा वाद उभा आहे. एका आयरिश दुर्बीणकारापासून स्वीडनच्या शिकाऱ्यांपर्यंत आणि व्हिएतनाममधील एका निष्फळ छाप्यापासून अमेरिकी सैन्याच्या खरेदीपर्यंत त्याचे धागे पोहोचतात.

आधी आकड्याचा अर्थ. एमओए म्हणजे 'मिनिट ऑफ अँगल', एका अंशाचा साठावा भाग. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात याच मापाला 'कला' असे सुटसुटीत नाव आहे. वर्तुळाचे अंश ३६०, तर कला २१,६००. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीय'मध्ये ज्या-सारणी दिली आहे. तिच्यातील चोवीस फरकांची बेरीज ३४३८ भरते. हा आकडा मनाने घेतलेला नाही. ज्या वर्तुळाचा परीघ २१,६०० कला आहे, त्याची त्रिज्या जवळजवळ ३४३८ कलाच येते.

गंमत अशी की नेमबाजाला आजही एवढे एकच सूत्र पुरते. लक्ष्याच्या अंतराला ३४३८ ने भागावे, म्हणजे त्या अंतरावर एक कला किती रुंद असते ते कळते. १०० मीटरवर ती २.९ सेंटिमीटर भरते. म्हणून २ कलांचा ठिपका तेथे ५.८ सेंटिमीटर जागा झाकतो आणि ४ कलांचा ११.६ सेंटिमीटर. ३०० मीटरवर हाच चार कलांचा ठिपका ३५ सेंटिमीटरचा होतो. माणसाची छाती सुमारे ५० सेंटिमीटर रुंद धरली, तर तिचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग ठिपक्याआड जातो. वादाचे मूळ येथे आहे: जी खूण लक्ष्य दाखवते, तीच लक्ष्य लपवते.

ठिपका येण्यापूर्वी हे काम बंदुकीची माशी करत असे. नळीच्या तोंडाशी असलेले ते लोखंडी टोक मागच्या खाचेत किंवा भोकात आणायचे आणि मग लक्ष्याशी जुळवायचे. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असलेली २ मिलिमीटर रुंदीची माशी वरच्या सूत्राने जवळजवळ साडेअकरा कलांची ठरते. म्हणजे ज्या चार कलांच्या ठिपक्याला आज काही लोक 'फार मोठा' म्हणतात, त्याच्या जवळजवळ तिप्पट रुंद! तरीही अशा माशीने पिढ्यान्‌पिढ्या अचूक नेम साधले गेले. कारण माशी लक्ष्यावर ठेवत नसत. तिचा सपाट माथा लक्ष्याच्या खालच्या कडेला टेकवत किंवा मध्यावर आणत. नेम रुंदीने नव्हे, कडेने धरला जाई.

माशीचा खरा दोष तिच्या रुंदीत नव्हता. डोळ्याला एकाच वेळी मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे लक्ष्य असे तीन टप्पे पाहावे लागत. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावते. माशी स्पष्ट दिसली की लक्ष्य धूसर होई, लक्ष्य स्पष्ट झाले की माशी. वय वाढले की ही ओढाताण अधिकच जाचक होई.

यावरचा तोडगा डब्लिनहून आला आणि तो आणणाऱ्या माणसाचे पुण्याशी नाते आहे. सर हॉवर्ड ग्रब (१८४४–१९३१) हे दुर्बिणी बनवणाऱ्या घराण्यातले. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तिच्यात १८८८ साली बसवलेली २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली होती आणि तेव्हा भारतातील सर्वांत मोठी. नायगमवाला निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, ती कोडाईकनालला गेली. पुण्याच्या आकाशाकडे रोखलेला आरसा आणि रायफलीवरचा प्रकाशाचा ठिपका, दोन्ही एकाच कारखानदाराच्या डोक्यातून निघाले, हे आज फारसे कोणाला ठाऊक नसते.

१९०० मध्ये ग्रब यांनी एकस्व घेतले आणि १९०१ मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीच्या नियतकालिकात या कल्पनेवर निबंध लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा: बंदुकीतून प्रकाशाचा एक बारीक झोत निघाला आणि तो जेथे पडेल तेथेच गोळी लागली, तर नेमाचा प्रश्नच मिटेल; पण असा झोत व्यवहारात शक्य नाही. म्हणून झोत लक्ष्यावर टाकण्याऐवजी त्याचा आभास डोळ्यात निर्माण करावा. भिंगाच्या केंद्रबिंदूवर एक उजळ खूण ठेवायची, तिचे समांतर झालेले किरण तिरप्या काचेवरून डोळ्याकडे वळवायचे. खूण अनंत अंतरावर, म्हणजे लक्ष्याच्याच पातळीवर तरंगताना दिसते. डोळा थोडा सरकला तरी ती लक्ष्यावरून ढळत नाही. तीन टप्प्यांचा एक टप्पा झाला.

आणि याच क्षणी आकाराचा प्रश्न जन्माला आला. लोखंडी माशीची रुंदी लोहार ठरवी. प्रकाशाच्या खुणेची रुंदी दोन मापांचे गुणोत्तर ठरवते. केंद्रबिंदूवरील खूण किती मोठी आणि भिंगाचे केंद्रांतर किती, एवढेच. केंद्रांतर ३५ मिलिमीटर असेल आणि ठिपका २ कलांचा हवा असेल, तर प्रकाशाचा उगम अवघा ०.०२ मिलिमीटरचा असायला हवा. माणसाचा केस याच्या तिपटीहून जाड असतो. इतक्या लहान जागेतून भर उन्हातही दिसेल एवढा प्रकाश काढणे ग्रब यांच्या काळातील कोणत्याही दिव्याला साधणारे नव्हते.

म्हणून ही कल्पना आधी रायफलीवर न येता विमानांवर गेली, कारण तेथे मोठी भिंगे आणि विजेचे दिवे बसवण्यास जागा होती. १९१८ मध्ये जर्मनांनी ऑयगी कंपनीच्या अशा साइट काही फोकर विमानांवर चाचणीसाठी लावल्या. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन यांच्या वैमानिकांसमोर काचेवर एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका तरंगत असे. त्या वर्तुळाची त्रिज्या शोभेची नव्हती: आडवे जाणारे विमान ताशी १०० मैलांनी उडत असेल तर गोळी किती पुढे मारावी, ते माप त्रिज्येतच भरलेले होते. विमानात खुणेचा आकार हा अडथळा नव्हता, तेच मोजमाप होते. हा धडा पुढे रायफलवाले बराच काळ विसरले.

महायुद्धानंतर शॉटगनसाठी आकाशाच्या उजेडावर चालणारी नायडर साइट निघाली. पण उजेड गेला की खूणही जाई. १९७० साली मात्र एका वेगळ्याच प्रकारच्या साइटने लष्कराचे लक्ष वेधले. उत्तर व्हिएतनाममधील सॉन ताय येथे ठेवलेल्या अमेरिकी युद्धकैद्यांना सोडवण्यासाठी ५६ जणांची तुकडी फ्लोरिडात सराव करत होती. रात्रीच्या सरावात नेम वारंवार चुकत होते. अंधारात माशी दिसतच नव्हती. तेव्हा बाजारात मिळणारी 'सिंगलपॉइंट' ही नागरी साइट आणून पाहिली गेली. तिच्यातून आरपार दिसत नसे. एक डोळा नळीतला लाल ठिपका पाही, दुसरा उघडा डोळा लक्ष्य, आणि मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करी. नेमबाजी सुधारली. २१ नोव्हेंबर १९७० च्या छाप्यात ती वापरली गेली. कैद्यांना मात्र आधीच दुसरीकडे हलवलेले होते. तुरुंग रिकामा निघाला, पण प्रकाशाचा ठिपका लढाईत चालतो हे त्या रात्री सिद्ध झाले.

ग्रब यांना हवा होता तो दिवा दरम्यान तयार झाला होता. १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोनियाक यांनी दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. आकाराने अत्यंत लहान, विजेचा वापर थोडा आणि रंग जवळजवळ एकच. पुढच्या काचेवर केवळ तो लाल रंग परावर्तित करणारा आणि बाकीचे रंग जाऊ देणारा लेप देता आला. ठिपका लाल का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या योगायोगात आहे. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडीवरची पहिली साइट बाजारात आणली, ती सैनिकांसाठी नव्हे, शिकाऱ्यांसाठी.

स्वीडनचा शिकारी ज्या प्राण्यामागे जातो तो मूस घोड्यापेक्षा उंच, पण झाडीतून क्षणभर दिसतो आणि पुन्हा नाहीसा होतो. त्या देशात धावत्या मूसच्या लक्ष्यावरचा सराव परंपरेने ८० मीटरवरून होतो. तेथे चार कलांचा ठिपका सव्वानऊ सेंटिमीटर जागा व्यापतो. मूसचे हृदय आणि फुप्फुसे यांचा पट्टा याहून कितीतरी मोठा असतो. लहान ठिपक्याने मिळणारी जादा अचूकता येथे कामाची नाही. ठिपका सापडायला लागलेला अर्धा क्षण मात्र महागात पडतो. जनावर जखमी होऊन जंगलात निसटले तर त्याचे हाल होतात, आणि शिकाऱ्याला रक्ताच्या थेंबांमागे रात्र काढावी लागते. मोठ्या ठिपक्याचा पक्ष हा आळशी नेमबाजाचा पक्ष आहे, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

दुसरा पक्ष सैन्यातून बळकट झाला. १९९७ मध्ये अमेरिकी सैन्याने एमपॉइंटच्या १ लाख साइट मागवल्या आणि त्यांना 'एम६८ क्लोज कॉम्बॅट ऑप्टिक' असे नाव दिले. नावातच जवळच्या लढाईचा उल्लेख आहे, आणि या मालिकेतील कॉम्पएम२ या साइटचा ठिपका चार कलांचा होता. पुढे अफगाणिस्तानात लढाई गल्लीबोळांतून डोंगरउतारांवर गेली. शेकडो मीटरवरील, खडकामागून डोके काढणारा माणूस चार कलांच्या ठिपक्याआड पूर्ण लपे. तीच रायफल, तीच साइट, पण अंतर बदलताच गुणाचा दोष झाला. नंतरच्या कॉम्पएम४ मध्ये ठिपका दोन कलांचा झाला आणि आज रायफलीच्या साइटमध्ये तोच आकार सर्वत्र रूढ आहे.

बदल केवळ युद्धभूमीमुळे झाला, असे मात्र नाही. लहान ठिपका म्हणजे प्रकाशाचा लहान उगम. तो दिवसा दिसावा आणि बॅटरीही टिकावी, ही दुहेरी अट आधी इलेक्ट्रॉनिक्सने पूर्ण करायला हवी होती. कॉम्पएम२ ची बॅटरी सुमारे १०,००० तास चाले, कॉम्पएम४ ची ८०,००० तास. दोन कलांचा ठिपका लोकांना हवा होता म्हणून आला, तितकाच तो आता परवडतो म्हणूनही आला.

मग एक कला का नको? अर्धी का नको? येथे काच संपते आणि डोळा सुरू होतो. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दृष्टी तपासण्याचा अक्षरतक्ता तयार केला. निरोगी डोळ्याने वाचावयाच्या ओळीतील अक्षर पाच कलांचे आणि त्याची प्रत्येक रेघ एक कलेची, असे त्याचे प्रमाण आहे. याहून बारीक ठिपका उजळ असेल तर दिसेल, पण त्याचा आकार डोळ्याला जाणवणार नाही. शिवाय प्रकाश वाढवला की ठिपका डोळ्यात फुलतो. खोक्यावर दोन लिहिलेले असले तरी संध्याकाळी पूर्ण उजेडात ठेवलेला ठिपका चारासारखा दिसतो, आणि भर दुपारी मंद ठेवलेला चाराचा ठिपका आक्रसतो. अनुभवी नेमबाज आकाराइतकेच लक्ष उजेडाच्या बटणाकडे देतात.

काही कारागिरांनी निवड टाळण्याचाच मार्ग काढला. ईओटेकच्या होलोग्राफिक साइटमध्ये एक कलेचा ठिपका आणि त्याभोवती ६५ कलांचे वर्तुळ असते. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, ते वर्तुळ १७३ सेंटिमीटरचे होते: उभ्या माणसाच्या उंचीएवढे. जवळ असता नजर वर्तुळ पकडते, दूर असता ठिपका. स्पिटफायरच्या काचेवरील वर्तुळाची येथे आठवण होणे साहजिक आहे.

या सर्व गणिताला एक माणूस मात्र बळी पडत नाही: ज्याच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंडर'चा नंबर आहे तो. अशा डोळ्याचे बुब्बुळपटल सर्व दिशांना सारखे वक्र नसते. टॉमस यंग यांनी हा दोष १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यात मोजला. खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये स्वतःसाठी त्यावरचे भिंग करवून घेतले. अशा व्यक्तीला दोन कलांचा गोल ठिपका स्वल्पविरामासारखा, कधी द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. तिच्या बाबतीत खोक्यावरचा आकडा जवळजवळ निरर्थक असतो आणि नवी साइट सदोष समजून दुकानात परत जाते. मोबाइलचा कॅमेरा साइटमागे धरून छायाचित्र घेतले तर उलगडा होतो: चित्रात ठिपका गोल असेल तर दोष काचेत नाही.

अशा डोळ्यासाठी एक उपाय रायफलीवरच असतो. मागचे जुने लोखंडी भोक उभे करून त्यातून ठिपक्याकडे पाहावे. सूक्ष्म छिद्रातून येणारे मोजकेच किरण डोळ्यात शिरतात, विस्कटलेला प्रकाश गळून पडतो आणि ठिपका पुन्हा बराचसा गोल होतो.