अस्तराला चालेल

गेल्या वर्षी चिकपेटेतल्या एका अरुंद दुकानात मी ब्लाउजसाठी अस्तर घ्यायला गेले होते. दुकानदार भावसार, घरात मराठी आणि गिऱ्हाइकाशी कानडी बोलणारे. त्यांनी तीन तागे काढले. पहिल्यावर हात ठेवून म्हणाले, "हे चांगलं." दुसऱ्यावर, "हे परवागिल्ला." तिसऱ्याला हात न लावताच, "आणि हे... अस्तराला चालेल, ताई." मी तिसरं घेतलं. अस्तर कोण बघतं!

त्या तीन पायऱ्या डोक्यात राहिल्या, कारण त्याच आठवड्यात माझ्या एका भाषांतरावर अभिप्राय आला होता. एका प्रकाशनसंस्थेच्या वाचकाने इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, 'सर्व्हिसेबल'. खाली मराठीत: 'भाषा बरी आहे, जरा बंगळुरी वाटते.' मजकूर होता एकोणिसाव्या शतकातल्या कापसाच्या व्यापारावरचा. रागाच्या भरात मी तो पुन्हा काढला आणि माझीच एक चूक सापडली. 'फेअर उमरा' याचं मी 'चांगल्या प्रतीचा उमरावतीचा कापूस' असं करून ठेवलं होतं. उमरावती म्हणजे आपली अमरावती, ते बरोबर होतं. चूक 'फेअर'मध्ये होती.

लिव्हरपूलच्या बाजारात कापूस डोळ्यांनी आणि बोटांनी पारखला जाई, आणि प्रत सांगायला ठरलेले शब्द असत. अमेरिकन कापसाची शिडी 'ऑर्डिनरी'पासून सुरू होऊन 'मिडलिंग'वरून वर 'फेअर'पर्यंत जाई. सगळे भाव 'मिडलिंग'च्या आधाराने बोलले जात. 'फेअर' हा जवळजवळ माथा. हिंदुस्थानी कापसाची शिडी वेगळी होती: फेअर, गुड फेअर, गुड, फुली गुड, फाइन. इथे 'फेअर' खालच्या पायरीवर. एकाच बाजारात, एकाच भाषेत, एकच शब्द न्यू ऑर्लिन्सच्या गाठीवर 'उत्तम' होता आणि अमरावतीच्या गाठीवर 'बेताचा'. अमेरिकेत आजही तब्येत विचारल्यावर कुणी 'फेअर टू मिडलिंग' म्हणतं, ते याच शिडीवरून आलेलं आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर इंग्लंडला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश तिथून येत होता. तो थांबला आणि लँकशरच्या गिरण्या मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसावर येऊन पडल्या. वऱ्हाडचा असो, खानदेशचा असो की गुजरातचा, गिरणीत त्याला सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा तंतू आखूड. यंत्रं लांब तंतूच्या अमेरिकन कापसासाठी बसवलेली. धागा सारखा तुटे आणि मजुरी नगावर असल्यामुळे कामगाराची कमाईही तुटे. गाठींत माती, सरकी, भेसळ निघे, हेही खोटं नव्हतं. मुंबई सरकारने 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदाच केला. लँकशरमध्ये असं सांगतात की प्रार्थनेत कुणी कापूस मागितला, तर मागून आवाज येई: पण देवा, सुरती नको.

त्याच 1863 साली एक खटला गाजला. कुणीतरी जाहिरात देऊन एका बिअर गाळणाऱ्या पेढीला 'सुरत'वाले म्हटलं होतं, आणि पेढीने अब्रूनुकसानीचा दावा लावला. दोन-एक वर्षांत एका शहराचं नाव 'हलका माल' या अर्थाचं विशेषण झालं होतं, तेही बिअरसाठी. इथल्या आखूड तंतूच्या कापसातूनच ढाक्याची मलमल हाताने कातली जात आली होती, याची त्या कोर्टात कुणाला आठवण असण्याचं कारण नव्हतं.

'पुरेसं चांगलं' सांगणारे इंग्रजी शब्द पाहिले की बहुतेक घसरत आलेले दिसतात. 'मीडिओकर'च्या लॅटिन मुळात डोंगराच्या अर्ध्या वाटेवर असणं आहे. होरेसने त्याच मधल्या वाटेला सोन्याची म्हटलं होतं. इंग्रजीत शब्द निव्वळ 'मध्यम' म्हणून आला आणि पुढे शिवी झाला. 'पासेबल' हे नाण्याबद्दलही म्हणत, म्हणजे बाजारात घेतलं जाईल असं. आपलं 'चालेल' त्याचंच भावंडं: नाणं चालतं, कापड चालतं, जावईही चालतो. आणि 'सर्व्हिसेबल'? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या तरुण स्क्वायरचं कौतुक करताना तो वापरला, सेवेला तत्पर या अर्थाने.

मराठीची गत वेगळी नाही. संतांच्या भाषेत 'बरवा' म्हणजे सुंदर, उत्तम. त्याच घराण्यातला आपला 'बरा' आज जेमतेम पास होतो. फक्त आजाऱ्याच्या बाबतीत त्याची जुनी पत शाबूत आहे. ताप गेला की माणूस बरा होतो, पूर्ण बरा. महसुलाच्या प्रतवारीतला 'दूम' दुसऱ्या प्रतीची जमीन होता. त्याचा भाऊ 'दुय्यम' निबंधकाच्या पाटीवर निमूट बसतो, वाङ्मयात आला की अपमान होतो. आणि 'पर्वा' हा फारसी शब्द कानडीत 'नाही'ला जोडला गेला तेव्हा 'परवागिल्ला' झाला, म्हणजे 'ठीक आहे की'. मराठीत तीच जोडी केली तर 'पर्वा नाही', म्हणजे 'गेलं उडत'.

आमच्या घरात मात्र आम्ही 'परवा नाही' कानडी अर्थानेच म्हणतो. बंगळुरी मराठी ती हीच असावी. केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या या पेठेत 1638 नंतर, विजापूरकरांनी शहाजीराजांना जहागीर दिल्यावर, मराठी बस्तान बसलं. राजांचा गौरी महाल चिकपेटेतच होता असं सांगतात. रंगारी, शिंपी, कापडवाले यांची मराठी कानडीच्या शेजारी कित्येक पिढ्या नांदली आहे. पुण्याच्या यंत्रावर ती चढवली तर धागा तुटणारच.

म्हणून माझी चूक लपत नाही. 'फेअर उमरा' मी 'बेताच्या प्रतीचा' असं दुरुस्त केलं आणि प्रकाशनसंस्थेला कळवलं. अभिप्राय देणाऱ्याच्या नजरेतून ती चूक सुटली होती. 'बंगळुरी' म्हणून खुणा केलेल्या शब्दांपैकी दोन खरोखर अडत होते, ते बदलले. बाकीचे ठेवले.

ब्लाउज शिवून आलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं आणि वरच्या रेशमाला चुण्या पडल्या. मी तणतणत चिकपेटेत गेले. दुकानदारांनी ब्लाउज उलटं करून शिवण पाहिली, चष्मा वर केला.

"अस्तर वाईट नाही, ताई," ते म्हणाले. "शिवायच्या आधी पाण्यातून काढायचं असतं."